क्रीडासंघांचे स्थलांतर

एखाद्या नगरात दीर्घकाळ सामने खेळत असलेल्या व्यावसायिक क्रीडासंघाने ते नगर कायमचे सोडून दुसऱ्या नगरास आपले मूळ स्थान करणे, यास क्रीडासंघाचे स्थलांतर असे म्हणतात. संघाचा मालक, संघटनेचे नियम, खेळाडू व बहुधा संघाचे नावही कायम राहते. बदलते ते नगर व प्रेक्षकवर्ग. हा प्रकार प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) व काही प्रमाणात कॅनडात आढळतो. नवे क्रीडागार सार्वजनिक निधीतून बांधून मिळावे, ही मागणी स्थलांतराशी निगडित असते. त्यामुळे हा विषय केवळ क्रीडाक्षेत्राचा न राहता नागरी अर्थकारण, करनीती व लोकमत यांच्याशी जोडला गेला आहे.

लीगची रचना : अ. सं. सं.मधील बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल व आइस हॉकी या चार प्रमुख खेळांच्या व्यावसायिक लीग बंदिस्त स्वरूपाच्या आहेत. बेसबॉलमध्ये ३०, फुटबॉलमध्ये ३२, बास्केटबॉलमध्ये ३० व आइस हॉकीमध्ये ३२ संघ आहेत. नवीन संघास प्रवेश द्यावयाचा की नाही, हे विद्यमान संघांचे मालक ठरवितात. यूरोपीय फुटबॉलमध्ये खालच्या श्रेणीतील संघ खेळाच्या गुणवत्तेवर वरच्या श्रेणीत जाऊ शकतो. तशी सोय येथे नाही. परिणामी एखाद्या मोठ्या नगरास प्रथम श्रेणीचा संघ हवा असल्यास दोनच मार्ग उरतात : लीगने विस्तार करण्याची वाट पाहणे किंवा दुसऱ्या नगराचा संघ आपल्याकडे आणणे. संघ मोजके व इच्छुक नगरे अधिक, ही स्थिती मालकांच्या हिताची असते. रिकामे राहिलेले एखादे मोठे नगर हे इतर सर्व संघांच्या मालकांना आपापल्या नगरपालिकांशी वाटाघाटी करताना उपयोगी पडते.

उत्पन्नाच्या वाटपाची पद्धतीही यास कारणीभूत आहे. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण अधिनियमाने लीगला सर्व संघांच्या वतीने दूरचित्रवाणीचे हक्क एकत्रितपणे विकण्याची मुभा दिली. फुटबॉल लीगमध्ये राष्ट्रीय प्रक्षेपणाचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाते. याउलट क्रीडागारातील खास कक्षांचे भाडे, वाहनतळाचे शुल्क, क्रीडागारास नाव देण्याचे हक्क यांपासून मिळणारे उत्पन्न बव्हंशी त्या त्या संघाकडेच राहते. साहजिकच खास कक्षांची संख्या जास्त असलेले नवे क्रीडागार मिळविणे हा उत्पन्नवाढीचा प्रमुख मार्ग ठरला. जुने क्रीडागार मोडकळीस आलेले नसतानाही ते ‘कालबाह्य’ झाल्याची तक्रार का केली जाते, याचे स्पष्टीकरण यात सापडते.

ऐतिहासिक आढावा : १९०३ ते १९५२ या पन्नास वर्षांत प्रमुख बेसबॉल लीगमधील १६ संघांपैकी एकाही संघाने नगर बदलले नाही. १९५३ मध्ये बॉस्टनचा ब्रेव्ह्‌ज हा संघ मिलवॉकी येथे गेला. मिलवॉकी काउंटीने सार्वजनिक पैशांतून नवे क्रीडागार आधीच बांधले होते. बॉस्टन येथे १९५२ च्या हंगामात सु. २ लक्ष ८१ हजार प्रेक्षक आले होते. मिलवॉकीत पहिल्याच हंगामात त्यांची संख्या १८ लक्षांवर गेली. या यशाने इतर मालकांचे लक्ष वेधले. १९५४ मध्ये सेंट लूइसचा ब्राउन्स संघ बॉल्टिमोरला व १९५५ मध्ये फिलाडेल्फियाचा ॲथलेटिक्स संघ कॅनझस सिटीला गेला. खुद्द मिलवॉकीलाही या प्रथेचा फटका लवकरच बसला. १९६६ मध्ये ब्रेव्ह्‌ज संघ ॲटलांटा येथे गेला, कारण तेथेही सार्वजनिक निधीतून नवे क्रीडागार तयार होते. विस्कॉन्सिन राज्याने याविरुद्ध खटला भरला. परंतु त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने अखेर संघाच्या बाजूने निर्णय दिला. पुढे १९७० मध्ये सिॲटलचा एक हंगामच जुना असलेला संघ मिलवॉकीने मिळविला.

या काळातील सर्वांत गाजलेले स्थलांतर म्हणजे ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाचे होय. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन या भागात एबट्स फील्ड (१९१३) या मैदानावर हा संघ खेळत असे. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस संघात घेऊन त्याने विसाव्या शतकातील बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडली व १९५५ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळविले. मैदानात सु. ३२ हजार प्रेक्षक बसत व वाहनतळास जागा फार थोडी होती. संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच ॲटलांटिक ॲव्हेन्यूजवळ स्वखर्चाने क्रीडागार बांधावयाचे होते. मात्र त्यासाठी लागणारी जमीन शहराने संपादन करून द्यावी, अशी त्यांची मागणी होती. शहराच्या बांधकामांवर प्रभुत्व असलेले अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी ती नाकारून क्वीन्स भागातील फ्लशिंग मेडोज येथील जागा पुढे केली. १९५७ च्या हंगामानंतर डॉजर्स संघ लॉस अँजेल्स येथे व त्याचा पिढीजात प्रतिस्पर्धी जायंट्स हा संघ सॅन फ्रॅन्सिस्को येथे गेला. एबट्स फील्ड १९६० मध्ये पाडण्यात आले व तेथे निवासी इमारती उभ्या राहिल्या.

या स्थलांतराची दुसरी बाजू लॉस अँजेल्समध्ये दिसते. शहराने संघास चावेझ रॅव्हीन येथील डोंगराळ जमीन दिली. तेथे प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या तीन वस्त्या होत्या. १९५० पासून सार्वजनिक गृहनिर्माण योजनेसाठी त्या रिकाम्या करविण्यात येऊ लागल्या. ज्यांनी घरे सोडली, त्यांना नव्या घरांत अग्रक्रम मिळेल, असे सांगण्यात आले होते. परंतु पुढे ती योजनाच रद्द झाली. जमीन बेसबॉलसाठी देण्याच्या करारास जून १९५८ मधील सार्वमतात निसटत्या बहुमताने संमती मिळाली आणि उरलेल्या कुटुंबांना मे १९५९ मध्ये बळाने बाहेर काढण्यात आले. डॉजर स्टेडियम १९६२ मध्ये सुरू झाले. त्याचे बांधकाम संघाने स्वखर्चाने केले, म्हणून खाजगी अर्थपुरवठ्याचे ते उदाहरण मानले जाते. तथापि जमिनीचे मूल्य व ती मोकळी करण्याची सामाजिक किंमत लक्षात घेतल्यास हे वर्णन अपुरे ठरते.

फुटबॉलच्या इतिहासात बॉल्टिमोर व क्लीव्हलंड या नगरांचा अनुभव बोलका आहे. इंडियानापोलिस शहराने हाती संघ नसतानाच १९८२ मध्ये छत असलेल्या क्रीडागाराचे बांधकाम सुरू केले. इकडे मेरिलंडचे विधिमंडळ कोल्ट्‌स संघाचे सक्तीने संपादन करण्याचा कायदा करीत होते. ते पाहून संघाच्या मालकाने २८–२९ मार्च १९८४ च्या रात्री मालमोटारींत संघाचे सर्व सामान भरून ते इंडियानापोलिसला हलविले. बॉल्टिमोरचे नागरिक सकाळी उठले, तेव्हा संघ गेलेला होता. ज्या बॉल्टिमोरने ही झळ सोसली, त्याच नगराने पुढे क्लीव्हलंडचा संघ घेतला. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी क्लीव्हलंडच्या ब्राउन्स संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी बॉल्टिमोरला जात असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंड परिसरातील मतदारांनी जुन्या क्रीडागाराच्या सुधारणेसाठी मद्य व तंबाखू यांवरील कर पुढे चालू ठेवण्यास संमती दिली. ती संमती निष्फळ ठरली. मात्र वाटाघाटींनंतर संघाचे नाव, रंग व विक्रम क्लीव्हलंडकडेच राहतील, असे ठरले आणि १९९९ मध्ये नवा ब्राउन्स संघ उभा राहिला. संघाचा इतिहास हा मालकाचा नसून नगराचा असतो, हे तत्त्व या तडजोडीत अप्रत्यक्षपणे मान्य झाले.

एकविसाव्या शतकातही ही प्रथा चालू आहे. मॉन्ट्रिऑलचा बेसबॉल संघ वॉशिंग्टनला (२००५), सिॲटलचा बास्केटबॉल संघ ओक्लाहोमा सिटीला (२००८), सेंट लूइसचा फुटबॉल संघ लॉस अँजेल्सला (२०१६) आणि सॅन डिएगोचा फुटबॉल संघही लॉस अँजेल्सला (२०१७) गेला. ओकलंड या एका नगराने अल्पावधीत तीन संघ गमावले : २०१९ मध्ये बास्केटबॉलचा संघ खाडीपलीकडील सॅन फ्रॅन्सिस्कोला आणि २०२० मध्ये फुटबॉलचा संघ लास व्हेगासला गेला, बेसबॉलच्या संघाने सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील अखेरचा सामना खेळला व लास व्हेगासमधील क्रीडागार होईपर्यंत वेस्ट सॅक्रामेंटो येथे तात्पुरता मुक्काम केला.

क्रीडागारांचा अर्थपुरवठा : पहिल्या महायुद्धापूर्वीची बेसबॉलची मैदाने बहुधा मालकांनी स्वतः बांधलेली होती. १९५० नंतर नगरपालिका, काउंटी व राज्य यांच्याकडे हा भार क्रमाक्रमाने आला. सर्वसाधारण पद्धत अशी : सार्वजनिक प्राधिकरण कर्जरोखे विक्रीस काढते, त्या पैशांतून क्रीडागार बांधते आणि ते संघास दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. कर्जाची फेड विक्रीकर, उपाहारगृहांवरील व निवासगृहांवरील कर, मद्य-तंबाखूवरील कर किंवा सोडतीचे उत्पन्न यांतून केली जाते. निवासगृहांवरील कर बाहेरून आलेला प्रवासी भरतो, म्हणून तो स्थानिक मतदारांना कमी जाचक वाटतो. नेव्हाडा राज्याने लास व्हेगासच्या फुटबॉल क्रीडागारासाठी याच मार्गाने ७५ कोटी डॉलर उभे केले. बफालो येथील फुटबॉल क्रीडागारासाठी २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ६० कोटी व ईरी काउंटीने २५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

नगरपालिकांच्या कर्जरोख्यांवरील व्याजास केंद्रीय प्राप्तिकरातून सूट असते. यामुळे नगरपालिकेस स्वस्त दराने कर्ज मिळते; मात्र केंद्रीय उत्पन्नातील तूट साऱ्या देशातील करदात्यांवर पडते. ही सवलत खाजगी संघांना मिळू नये, या उद्देशाने १९८६ च्या करसुधारणा अधिनियमात तरतूद करण्यात आली. तीनुसार क्रीडागाराचा उपयोग मुख्यतः खाजगी असेल आणि कर्जफेडीचा १० टक्क्यांहून अधिक भागही संघाच्या भाड्यासारख्या खाजगी उत्पन्नातून होत असेल, तर सूट मिळत नाही. परिणाम मात्र उलटा झाला. सूट टिकविण्यासाठी नगरपालिकांनी संघाकडून कमी भाडे घेऊन उरलेले कर्ज सर्वसाधारण करांतून फेडण्यास सुरुवात केली. सवलत रोखण्यासाठी केलेल्या तरतुदीने करदात्यांचा वाटा वाढविला.

भाडेपट्ट्यातील अटीही महत्त्वाच्या असतात. सेंट लूइसने १९९५ मध्ये फुटबॉलसाठी क्रीडागार बांधले व ते ठराविक वर्षी लीगमधील सर्वोत्तम एकचतुर्थांश क्रीडागारांत मोडेल, अशी हमी दिली. इतर नगरे नवनवी क्रीडागारे बांधीत असताना ती पाळणे महाग होते. हमी न पाळली गेल्याने भाडेपट्टा मोडण्याची मुभा संघास मिळाली व तो निघून गेला. कर्जाचे हप्ते मात्र त्यानंतरही चालू होते. सिॲटल येथील किंगडोम हे क्रीडागार १९७६ मध्ये सुरू झाले व मार्च २००० मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. त्यावरील कर्ज २०१५ पर्यंत फिटत होते. मॉन्ट्रिऑलच्या ऑलिंपिक क्रीडागाराचे (१९७६) कर्ज फिटण्यास तीस वर्षे लागली. तोपर्यंत तेथे खेळणारा बेसबॉल संघ नगर सोडून गेला होता.

आर्थिक परिणाम : नवे क्रीडागार नगरास रोजगार, पर्यटन व करउत्पन्न मिळवून देईल, असा दावा त्याचे समर्थक करतात. त्यासाठी मांडल्या जाणाऱ्या हिशोबात प्रेक्षकांनी केलेला खर्च गुणकाने वाढवून दाखविलेला असतो. रॉबर्ट बेड, रॉजर नोल, अँड्र्यू झिंबलिस्ट, डेनिस कोट्स, ब्रॅड हम्फ्रीज इ. अर्थशास्त्रज्ञांनी या दाव्याची तपासणी केली. नोल व झिंबलिस्ट यांनी संपादिलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. या व नंतरच्या संशोधनाचा सर्वसाधारण निष्कर्ष असा, की क्रीडागारामुळे नगराच्या एकूण उत्पन्नात वा रोजगारात जाणवण्याजोगी वाढ होत नाही.

याची कारणे तीन आहेत. पहिले कारण प्रतिस्थापनाचे. सामना पाहणारे बहुसंख्य लोक त्याच परिसरातील असतात. तिकिटावर खर्च केलेला पैसा त्यांनी अन्यथा नाटकगृह, उपाहारगृह अथवा दुकान येथे खर्च केला असता. म्हणजे खर्चाची केवळ जागा बदलते. दुसरे कारण गळतीचे. संघाच्या उत्पन्नाचा मोठा भाग खेळाडूंच्या वेतनात व मालकाच्या नफ्यात जातो आणि हे लोक वर्षभर त्या नगरात राहतातच असे नाही. तिसरे कारण वैकल्पिक परिव्ययाचे, म्हणजे त्याच पैशांतून जे करता आले असते व राहून गेले, त्याचे. शाळा, जलनिःसारण, वाहतूक यांवर केलेल्या खर्चाचा लाभ रोज मिळतो. फुटबॉलच्या क्रीडागारात मात्र नियमित हंगामात वर्षातून आठ-नऊच सामने होतात. बेसबॉलचे ८१ व बास्केटबॉलचे ४१ सामने मूळ स्थानी होत असल्याने त्यांची स्थिती काहीशी बरी असते.

तथापि संघाचे मूल्य पैशांत मोजता येणाऱ्या लाभापुरते मर्यादित नाही. जे नागरिक कधीही तिकीट काढीत नाहीत, तेही संघाविषयी बोलतात, त्याच्या विजयाने आनंदतात. हा आनंद कोणासही वगळून देता येत नाही, त्या अर्थी ती सार्वजनिक वस्तू आहे व तिच्यासाठी काही सार्वजनिक खर्च समर्थनीय ठरू शकतो. हे संतोषाधिक्य नागरिकांच्या मुलाखतींद्वारे मोजण्याचे प्रयत्न झाले असून त्यांत ते खरे असले, तरी प्रत्यक्ष दिल्या जाणाऱ्या अनुदानापेक्षा बहुधा बरेच कमी भरते, असे दिसून आले आहे. म्हणून वादाचा खरा मुद्दा नगरास संघ हवा की नको हा नसून, त्यासाठी किती किंमत, कोणी व कोणाच्या संमतीने द्यावी, हा आहे.

लोकमत व कायदा : अनेक ठिकाणी हा प्रश्न सार्वमतास टाकला जातो. सिॲटलच्या परिसरातील मतदारांनी सप्टेंबर १९९५ मध्ये बेसबॉल क्रीडागारासाठीचा कर नाकारला. परंतु पुढच्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशनात निधीची दुसरी व्यवस्था केली. याच नगराने २००६ मध्ये सार्वजनिक अनुदानास मर्यादा घालणारा ठराव मतदानाने संमत केला व दोन वर्षांत बास्केटबॉलचा संघ गमावला. सॅन डिएगोच्या मतदारांनी २०१६ मध्ये व कॅनझस सिटीतील जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी एप्रिल २०२४ मध्ये क्रीडागारासाठीचे करप्रस्ताव फेटाळले. ओक्लाहोमा सिटीच्या मतदारांनी मात्र २००८ व २०२३ अशी दोनदा विक्रीकरास संमती दिली.

कायदेशीर उपाय मर्यादित आहेत. १९२२ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळले. याउलट फुटबॉल लीगने ओकलंडच्या रेडर्स संघास लॉस अँजेल्सला जाण्यास मनाई केली, तेव्हा ती मनाईच मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरली व संघ १९८२ मध्ये गेला. ओहायओ राज्याने ब्राउन्सच्या स्थलांतरानंतर १९९६ मध्ये कायदा करून, सार्वजनिक साहाय्य घेतलेल्या संघाने नगर सोडण्यापूर्वी सहा महिन्यांची सूचना व स्थानिक लोकांस संघ विकत घेण्याची संधी द्यावी, असे ठरविले. कोलंबस येथील फुटबॉल संघ वाचविण्याच्या चळवळीस २०१८ मध्ये त्याचा आधार मिळाला. सेंट लूइसने लीगविरुद्ध लावलेल्या दाव्यात २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरची तडजोड झाली. नागरिकांच्या मालकीचे उदाहरण म्हणजे विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे पॅकर्स हा संघ. सु. एक लाख वस्तीच्या या गावातील संघाचे भाग १९२३ पासून जनतेस विकण्यात आले असून भागधारकांस लाभांश मिळत नाही. संघ हलविण्यात कोणाचाही आर्थिक स्वार्थ नसल्याने तो स्थिर राहिला. मात्र लीगच्या नियमांनुसार इतर संघांना ही पद्धती आता अनुसरता येत नाही.

इतर देश : इंग्लंडमध्ये संघाने नगर बदलणे अत्यंत विरळ. लंडनमधील विंबल्डन या फुटबॉल संघास २००२ मध्ये सु. ९० किमी. दूर असलेल्या मिल्टन कीन्सला जाण्याची अनुज्ञा मिळाली व तो पुढील वर्षी गेला. चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा संघ स्थापून अगदी खालच्या श्रेणीपासून आरंभ केला. २०११ मध्ये तो राष्ट्रीय लीगमध्ये पोहोचला, २०१६ मध्ये स्थलांतरित संघाच्याच श्रेणीत आला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या परिसरात परतला. श्रेणी खुल्या असल्यामुळेच हे शक्य झाले; बंदिस्त लीगमध्ये अशा संघास वाव नसतो. ऑस्ट्रेलियात साउथ मेलबर्नचा संघ १९८२ मध्ये सिडनीला गेला.

भारत : भारतात क्रिकेटची क्रीडागारे बहुधा राज्य संघटनांची व इतर खेळांची शासनाची असल्याने हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबर्न स्टेडियम (१९३७) असताना प्रेक्षकांच्या जागांच्या वाटपावरून वाद होऊन मुंबई क्रिकेट संघटनेने थोड्याच अंतरावर, राज्य शासनाने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर, वानखेडे स्टेडियम उभारले. तेथे जानेवारी १९७५ मध्ये पहिला कसोटी सामना झाला. इंडियन प्रीमियर लीगच्या (स्थापना २००८) स्वरूपाने बंदिस्त लीगची पद्धती येथे आली. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळे मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. हे स्थलांतर तात्पुरते होते. परंतु सार्वजनिक साधनसंपत्तीवर खेळाचा हक्क कितपत, हा मूळ प्रश्न त्यातून पुढे आला. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगमध्ये २०१९ साली दिल्लीचा संघ भुवनेश्वरला गेला, तर बालेवाडीच्या शासकीय क्रीडासंकुलात खेळणारा पुण्याचा संघ बंद होऊन त्याचे स्थान हैदराबादला मिळाले.

स्थलांतराच्या इतिहासावरून असे दिसते, की संघ व नगर यांतील करार समान बळाच्या पक्षांत होत नाही. संघ जाऊ शकतो, नगर जाऊ शकत नाही. कर्जाची मुदत भाडेपट्ट्याहून अधिक नसावी, जमिनीचे मूल्य व करसवलती खर्चात धराव्यात, संघ सोडून गेल्यास भरपाईची तरतूद असावी आणि वस्ती हलवावी लागत असल्यास पुनर्वसन आधी व्हावे, या दक्षता नगरांनी घेतल्यास हे असंतुलन काही अंशी कमी होऊ शकते. लॉस अँजेल्समध्ये २००१ साली एका क्रीडागाराशेजारील विकासप्रकल्पाबाबत विकासक व रहिवाशांच्या संघटना यांच्यात स्थानिकांस रोजगार व परवडणारी घरे देण्याचा करार झाला. त्यानंतर इतर नगरांतही असे करार होऊ लागले आहेत.